सोल्डरिंग आयर्नच्या वायरीचं काम : मालवण, पावसाळा २०२४

२ जून २०२४, रविवार

कालपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. दांडीच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून झापांखाली गेल्या आणि माझं दुरुस्तीचं दुकान भरलं. वर्षभर "मागीर बघूया" म्हणून ढकललेल्या वस्तू या दोन महिन्यांत येतात. आज टेबलावर दोन फिश फाइंडर (पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र), एक व्हीएचएफ सेट (होडीवरचा वायरलेस), तीन चार्जर आणि शेजारच्या काकींचा मिक्सर. काकींना मासेमारी बंदीशी देणंघेणं नाही, त्यांना तो उद्याच हवाय.

संध्याकाळी अपघात होता होता वाचला. भाचा बारावीनंतर रिकामा आहे म्हणून शिकायला येतो. त्याने सोल्डरिंग आयर्न (तारांचे जोड सोल्डर वितळवून पक्के करायचं तापतं हत्यार) स्टँडवर ठेवलं, स्टँड हलकं, वायरीच्या ताणाने ते कलंडलं आणि तापलेली दांडी स्वतःच्याच वायरीवर टेकली. दहा सेकंदही झाले नसतील. फट्‍ आवाज, ठिणगी, अंधार.

"मामा, माका वाटला लाईट गेली."

लाईट गेलीच होती, पण आमच्यापुरती. कोणाला काही झालं नाही. टेबलाच्या लॅमिनेटवर एक काळा डाग राहिलाय, तो मुद्दाम पुसलेला नाही.

ठरवलं : दुकानातल्या सगळ्या आयर्नच्या वायरी या बंदीत बदलायच्या. मिक्सर थांबेल. (काकींना सांगायचंय.)

३ जून, सोमवार

जळालेली वायर उकलून बघितली. दोन कोरची, म्हणजे आत दोन वेगळ्या वायरी, पीव्हीसी. दांडी दोन्ही कोरांपर्यंत पोहोचली म्हणून फेज आणि न्यूट्रल दांडीतून जुळले आणि एमसीबी (करंट अती झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला. हे आमचं नशीब. फक्त फेजचीच कोर उघडी पडली असती तर काहीच झालं नसतं. आवाज नाही, ठिणगी नाही, आणि अख्खी दांडी २३० व्होल्टवर. दोन पिनांच्या आयर्नला अर्थिंग नाही, त्यामुळे करंटला जायला वाट नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीसुद्धा (करंट बाहेर गळला की बंद करणारा स्विच) पडली नसती. पडली असती ती कोणाचा हात लागल्यावर. रात्री झोप लागली नाही ती याच विचाराने.

मोजदाद. एकूण पाच आयर्न. २५ वॉटची दोन, दोन्ही दोन पिनांची. ६० वॉटचं एक, तीन पिनांचं. एक २४ व्होल्टचं स्टेशन, म्हणजे वेगळ्या वीजपेटीवर चालणारं आयर्न. आणि होडीवर न्यायचं १२ व्होल्टचं, ६० वॉट.

दोन पिनांच्या आयर्नच्या बिटाला, म्हणजे तापणाऱ्या टोकाला, टेस्टर लावला तर मंद पेटतो. लोक म्हणतात "जरासा लीक असता, चलता." करंट खरोखर अगदी थोडा असतो, माणसाला कळतही नाही. पण व्हीएचएफ सेटच्या आतल्या नाजूक आयसीला कळतो. मागच्या वर्षी दोन सेट दुरुस्तीनंतर जास्त बिघडले, त्यात या टेस्टरच्या उजेडाचा हात असावा असा माझा संशय आहे.

तीन पिनांच्या आयर्नचं अर्थिंग मोजलं. प्लगच्या मोठ्या पिनेपासून दांडीपर्यंत अर्धा ओहमसुद्धा नाही, छान. तीच पिन ते बिट मात्र ४० ओहम. बिट काढून बघितलं तर दांडीच्या आत काळे पापुद्रे. पॉलिश पेपर मारला, पुन्हा अर्धा ओहम. वायर बदलून हा दोष गेला नसता. दर महिन्याला बिट काढून पुसायचं, भिंतीवर लिहून ठेवलं.

५ जून, बुधवार

बाजारपेठेतल्या नेहमीच्या दुकानात गेलो. आयर्नसाठी वायर हवीय म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "जाडी देतंय, काळजी मिटली." आणि ४०/७६ ची तीन कोर काढली.

भाच्याला हा आकडा समजावला. आपल्याकडे दुकानात १४/७६, २३/७६, ४०/७६ असंच मागतात. पहिला आकडा तारांचा. दुसरा तारेच्या जाडीचा, म्हणजे ०.००७६ इंच, साधारण ०.१९ मिलिमीटर. व्यवहारात १४ म्हणजे अर्धा स्क्वेअर, २३ म्हणजे पाऊण, ४० म्हणजे एक स्क्वेअर मिलिमीटर.

मग त्याच्याकडून हिशोब करून घेतला. २५ वॉट भागिले २३० व्होल्ट, ०.११ अँपिअर. ६० वॉटचं आयर्न, ०.२६ अँपिअर. यातली सगळ्यात बारीक वायरही याच्या कितीतरी पट करंट वाहून नेते. मग जाड वायर घेऊन नेमकं काय वाचवलं? मिक्सरला, पंपाला जाड घ्या. आयर्नच्या वायरीला करंटाचं ओझं जवळजवळ नाहीच. तिला दोन गोष्टींत टिकायचंय : शेजारी ३५० अंशांचं बिट, आणि दिवसातून शेकडो वेळा वळणारं मनगट.

तरी ४०/७६ चा दीड मीटरचा तुकडा आणला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. १४० ग्रॅम. वायर काढलेलं २५ वॉटचं आयर्न ७० ग्रॅम. घोड्यापेक्षा लगाम जड. टेबलाच्या कडेवरून ही वायर लोंबली की तीच आयर्नला मागे खेचते, आणि रविवारी स्टँड कलंडलं ते नेमकं याच खेचण्याने. दुकानदाराची जाडी घेतली असती तर तोच अपघात अधिक सहज झाला असता.

दुकानदाराने दुसरं सुचवलं ते एचआर, म्हणजे उष्णता सोसणारं पीव्हीसी. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश, याची ८५. आत बसवायच्या वायरिंगला ते चांगलंच. पण माझं बिट ३५० वर आहे. ७० काय आणि ८५ काय, दोन्ही लोण्यासारखंच. घरगुती उपकरणांच्या सुरक्षेच्या मानकात नियमच आहे की ज्याचा बाहेरचा धातूचा भाग वातावरणापेक्षा ७५ अंशांहून जास्त तापतो आणि वायरीला लागू शकतो, तिथे पीव्हीसी वायर वापरू नये. आयर्नइतका चपखल दाखला दुसरा नसेल. तरी बाजारातली बहुतेक स्वस्त आयर्न पीव्हीसीवरच येतात.

७ जून, शुक्रवार

काल पाऊस लागला. हवामान खात्यानेही कालच मॉन्सून रत्नागिरीपर्यंत आल्याचं जाहीर केलं.

माळ्यावर वडिलांच्या वेळची इस्त्रीची कापडी वायर सापडली. आत रबर, वर सुती विणकाम, काळ्यावर पिवळे ठिपके. जुने लोक आयर्नला हीच लावत. सुती कापड वितळत नाही. बिट टेकलं तर करपतं, वास येतो, तोवर माणूस सावध होतो. मऊही आहे. एका २५ वॉटच्या आयर्नला लावली. दांडीला बाहेरून स्क्रू होता, तिथे तिसरी कोर पकडून अर्थिंग दिलं.

दुसऱ्या २५ वॉटच्या आयर्नच्या दांडीला अर्थिंग पकडायला जागाच नाही, नुसता पत्रा दाबून बसवलाय. ते बाद. एलिमेंट आणि बिट काढून डब्यात.

कापडी वायर आज हातात फार छान वाटतेय. इतकं सोपं असेल तर उष्णतेला न हरणारी सिलिकॉन रबराची वायर शोधायची कशाला, असंही मनात आलं.

१९ जून, बुधवार

कशाला ते कळलं. बारा दिवस सतत पाऊस, दुकानाच्या जांभ्याच्या भिंतींना घाम. सकाळी कापडी वायरीवर पांढरी लव दिसली. बुरशी. लावली त्या दिवशी ५०० व्होल्टच्या मेगरवर (वायरीच्या कव्हरातून करंट गळतो का ते तपासायचं मीटर, आकडा जितका मोठा तितकं बरं) फेज ते अर्थ २०० मेगओहमच्या वर होतं, आज दीड. रबर अजून शाबूत आहे. पण मुठीत आणि प्लगमध्ये जिथे रबर सोललंय तिथे सुती दोरे कोरांना टेकतात, आणि ओल त्या दोऱ्यांतून चढते. दिव्याची वात तेल ओढते तशी.

दीड मेगओहमने लगेच कोणी मरत नाही. पण समुद्राच्या वाऱ्यातला खार त्यात बसत गेला तर ऑगस्टपर्यंत काय होईल याची परीक्षा मला घ्यायची नाही. देशावर, कोरड्या हवेत, ही वायर मी डोळे मिटून लावली असती. इथे नको. काढली.

वायर सोलताना आतल्या तारा बघितल्या : काळ्या पडलेल्या, एका टोकाला हिरवट. आमच्याकडे तांबं असंच होतं. म्हणून शक्य झालं तर कथलाचा मुलामा दिलेल्या, रुपेरी तारांची वायर घ्यायची. यादीत टाकलं.

२८ जून, शुक्रवार

मुंबईच्या चुलतभावाला फोन. तो जुलैच्या मध्यात गावी येतोय. लोहार चाळीत वायर मिळेल, लॅमिंग्टन रोडलाही बघ म्हटलं. काय मागायचं ते तीनदा सांगितलं, शेवटी व्हॉट्सॲपवर लिहून दिलं : सिलिकॉन रबर, आतलं कोटिंग आणि वरचं कव्हर दोन्ही सिलिकॉन, तीन कोर, पाऊण स्क्वेअर, तारा जितक्या बारीक तितकं बरं, १८० अंश लिहिलेलं असावं. १० मीटर. शिवाय १२ व्होल्टच्या आयर्नसाठी लाल-काळी दोन कोर, ५ मीटर.

त्याचं उत्तर : "मेल्या, वायर आसा की लग्नाचा याद?"

तारांचं एवढं का, तर माझी मेलेली आयर्न आठवून बघितली. वितळून मेलेली कमी. जास्त मेली ती मुठीच्या मानेशी तारा तुटून. कव्हर वरून साबूत, आत एकेक तार तुटत जाते, मग आयर्न कधी तापतं कधी नाही, आणि शेवटच्या दोन-तीन तारांवर ठिणग्या. तेवढ्याच तांब्यात बारीक तारा जास्त असल्या की प्रत्येकीला वळताना ताण कमी बसतो. स्टेशनच्या आयर्नची पाच कोरची केबल आठ वर्षं झाली तशीच आहे. ती सिलिकॉनचीच आहे हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. उत्तर रोज हातात होतं.

१६ जुलै, मंगळवार

वायर नाही. रविवारी खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ रुळावर दरड आली आणि कोकण रेल्वे बंद पडली. भाऊ दादरवरून घरी परतला. आता बघू.

काकींचा मिक्सर दिला. ब्रश बदलले, दहा मिनिटांचं काम. दीड महिना ऐकून घेतलं.

२० जुलै, शनिवार

भाऊ काल कुडाळला उतरला. दोन गुंडाळ्या : राखाडी तीन कोर आणि लाल-काळी दोन कोर. दोन्हीच्या बिलावर "सिलिकॉन". हाताला दोन्ही मऊ.

मागच्या पडवीत परीक्षा घेतली, वाऱ्याकडे पाठ करून. दारं-खिडक्या बंद खोलीत हे करू नये.

आधी बिट ३५० अंशांवर ठेवून टेकवलं. राखाडीवर अर्धा मिनिट धरलं, नुसता फिकट डाग. लाल-काळीत पाच सेकंदांत बिट तांब्याला लागलं आणि नाकात जाणारा आंबट धूर. मग एकेक तुकडा काडीने पेटवला. राखाडीची पांढरी भुकटी झाली, वाळूसारखी, कारण सिलिकॉन जळून सिलिका उरते. लाल-काळीचा काळा चिकट गोळा. शेवटी भाच्याला गंमत दाखवली : तांब्याची तार गॅसवर लाल करून त्या काळ्या गोळ्याला लावायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली. म्हणजे आत क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. मऊपणासाठी तेल जास्त घातलेलं पीव्हीसी, सिलिकॉनच्या भावात.

"मुंबैत पण फसवतत?" भाचा.

भाऊ गप्प.

राखाडीच्या तारा रुपेरी. चाकूने खरवडल्या, आत लाल तांबं. आत पांढरं निघालं असतं तर ॲल्युमिनियमवर मुलामा. चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणजे लोखंडही नाही. कव्हरवर १८० अंश छापलेलं. दीड मीटरचं वजन १०० ग्रॅमच्या आत.

२२ जुलै, सोमवार

जोडणी. ६० वॉटचं आणि उरलेलं २५ वॉटचं, प्रत्येकी १ मीटर ६० सेंटिमीटर.

मुठीच्या आत वायर आणि एलिमेंटचा जोड सोल्डर करायचा नाही. हे वाचून लोक हसतात, सोल्डरिंगच्या आयर्नमध्येच सोल्डर नको? पण तिथे तासन् तास उष्णता राहते, सोल्डर केलेला जोड हळूहळू ढिला होतो, आणि स्क्रूखाली सोल्डर मारलेलं टोक दाबाखाली पसरत जाऊन स्क्रूही सैल पडतो. चिनी मातीचा कनेक्टर वापरला, तारांच्या टोकांना दाबून लग (धातूच्या टोप्या) बसवले. एलिमेंटच्या टोकांवर जुनी काचतंतूंची स्लीव्ह होती, एक फाटलेली होती ती बदलली.

अर्थची कोर आत दोन बोटं जास्त लांब ठेवली. कोणी वायर ओढलीच तर फेज आणि न्यूट्रल आधी सुटावेत, अर्थ सगळ्यांत शेवटी. प्लगमध्येही तसंच.

सगळ्यात वेळ खाल्ला मुठीच्या तोंडाने. सिलिकॉन इतकं गुळगुळीत आणि मऊ की क्लँप घट्ट केला तर कापलं जातं, सैल ठेवला तर सरकतं. तीन प्रयत्न फुकट. चौथ्यांदा क्लँपच्या जागी वायरीवर आधी श्रिंक स्लीव्हचे (तापवली की आवळून बसणारी नळी) दोन थर चढवले, मग क्लँप. आता पाच किलोची तांदळाची पिशवी लटकवली तरी हलत नाही. बाहेरच्या बाजूला जुन्या प्लगचं रबरी शेपूट कापून सरकवलं, म्हणजे वायर एकाच जागी मोडत नाही.

मेगर : दोन्हींवर आकडा पट्टीच्या बाहेर. पिन ते बिट : ०.४ आणि ०.५ ओहम. टेस्टर आता पेटत नाही.

अर्थची पिन ठीक असून भिंतीत अर्थिंग नसेल तर सगळं व्यर्थ, म्हणून दुकानामागचा अर्थिंगचा खड्डाही बघितला. पावसात तो बरा असतो. जांभ्याची जमीन मार्च-एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत होते तेव्हा त्यात बादलीभर पाणी ओतायला हवं.

२४ जुलै, बुधवार

१२ व्होल्टचं आयर्न. इथे माझं जून महिन्यातलं शहाणपण उलटं पडलं.

बॅटरी होडीच्या मागच्या बाजूला, काम केबिनमध्ये, अंतर ४ मीटर. ६० वॉट भागिले १२ व्होल्ट, ५ अँपिअर. इथे करंट खरा आहे. अर्ध्या स्क्वेअरच्या वायरीने जाण्यायेण्याचे ८ मीटर धरले तर अडथळा ०.२७ ओहम. आयर्नला ६० ऐवजी ४८ वॉटच मिळतात, बाकी वायरीत. समुद्रावरच्या वाऱ्यात ४८ वॉटने जाड लग तापत नाही, होडीचा तांडेल (होडी चालवणारा प्रमुख) म्हणाला होताच, "ह्या थंड पडता." मी बिटाला दोष देत होतो.

आणि अडीच स्क्वेअरची वायर थेट मुठीला लावली तर हात वळत नाही.

मग तोडगा : बॅटरीपासून ३ मीटर अडीच स्क्वेअरची जाड वायर, होडीला कायमची क्लँप केलेली, शेवटी सॉकेट. तिथून पुढे १ मीटर सिलिकॉन. लाल-काळी फसवी निघाल्याने तीन कोरवालीच वापरली : एक कोर पॉझिटिव्ह, उरलेल्या दोन मिळून निगेटिव्ह. हिरव्या-पिवळ्या कोरीवर दोन्ही टोकांना काळी स्लीव्ह चढवली, उद्या कोणी तिला अर्थ समजू नये. आता हिशोबाने ५६ वॉट. बॅटरीच्या टोकाशी, शक्य तितक्या जवळ, साडेसातचा फ्यूज. तो आयर्नकडच्या टोकाला लावून उपयोग नाही, मधली वायर घासली तर बॅटरी तिला पेटवेल.

२८ जुलै, रविवार

भाच्याने स्वतःच्या पैशांनी तीन पिनांचं आयर्न घेतलं. वायर त्यानेच बदलली. क्लँप दुसऱ्या प्रयत्नात जमला. मी काही बोललो नाही.

४ ऑगस्ट, रविवार

होड्या तीन दिवसांपूर्वी समुद्रात गेल्या.

६० वॉटच्या आयर्नची नवी वायर कापली गेली. फिश फाइंडरच्या पत्र्याच्या कव्हरची धारदार कड, वायर तिच्यावरून ओढली, आणि कव्हर सालीसारखं चिरलं. सिलिकॉनची ही खोड. उष्णतेला हरत नाही, पण धारेपुढे टिकत नाही. एकदा चीर पडली की बोटाने ओढली तरी पुढे फाटत जाते. पीव्हीसी किंवा जाड रबर इथे जास्त सोसतं. चिकटपट्टी लावायचा मोह झाला. लावली नाही, पूर्ण वायर बदलली. चिरलेल्यातले चांगले तुकडे आतल्या जोडांसाठी ठेवले.

टेबलाच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोकली. वायर आता टेबलावरून न लोळता वरच्या हुकातून येते. त्यामुळे तिचं वजनही आयर्नवर येत नाही, आणि ते हलकं स्टँड अजून तरी एकदाही कलंडलेलं नाही. हा हुक खरं तर २ जूनलाच ठोकता आला असता.

१८ ऑगस्ट, रविवार

उद्या नारळी पौर्णिमा. तांडेल सकाळी १२ व्होल्टचं आयर्न न्यायला आला. सॉकेटमध्ये लावून दाखवलं, त्याने वायर बोटाभोवती गुंडाळून बघितली.

"होडयेर उंदीर आसत. खातले मां ह्या?"

खातील. सिलिकॉन उंदराला मऊच लागणार. वापरून झालं की आयर्न वायरीसकट पत्र्याच्या डब्यात ठेवायचं, हे त्याला सांगितलं आणि डब्यावर खडूने लिहूनही दिलं. बिस्किटांचा डबा, काकींकडून आणलेला.

उरलेली राखाडी वायर : अडीच मीटर. तीही दुसऱ्या डब्यात.